मिस्त्री ठरवताना या चुका टाळा: काम बिघडणार हे आधीच दिसत असतं

आमच्या बेडरूमच्या भिंतीवर पंजाएवढा ओलीचा डाग आला होता. भिंतीपलीकडे बाथरूम. जो पहिला मिस्त्री मिळाला त्याने दारातूनच डाग बघितला आणि म्हणाला, "काही नाही, खरवडून केमिकल मारतो, वर पुट्टी आणि रंग. संध्याकाळपर्यंत मोकळे व्हाल." तो बाथरूममध्ये डोकावलाही नाही. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, काम एका दिवसात उरकतंय याचंच बरं वाटलं. सहा आठवड्यांत रंगाला फोड आले, पुट्टीचे पापुद्रे सुटले आणि डाग दुप्पट झाला.

दुसरा मिस्त्री आला तो प्रश्न विचारतच. डाग दिवसभर ओला असतो की बाथरूम वापरल्यावर गडद होतो? घर चार दिवस बंद होतं तेव्हा वाळला होता का? कारण पाइप फुटला असेल तर त्यात सतत दाब असतो, पाणी चोवीस तास झिरपतं. फरशीच्या सांध्यातून किंवा नहाणीच्या ट्रॅपभोवतीच्या, म्हणजे सांडपाणी जायच्या तोंडाभोवतीच्या, फटीतून पाणी जात असेल तर वापर थांबला की डाग वाळायला लागतो. मग त्याने बाथरूमला येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला, ट्रॅपच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवला, बादल्यांनी दोन बोटं पाणी भरलं आणि भिंतीवरच्या डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढली. "उद्या याच वेळेला येतो. तोवर आत कुणी जाऊ नका." दुसऱ्या दिवशी ओल रेघेच्या चार बोटं पुढे गेली होती. लाइन बंद होती, म्हणजे दोष पाइपचा नव्हता, फरशीचा होता. या एका दिवसाचे त्याने पैसे मागितले, आणि ते देताना मला जराही जड गेलं नाही.

तेव्हापासून मी माणूस ठरवताना सगळ्यात आधी हेच बघते: कारण शोधण्याआधी तो उपाय सांगतोय का? सांगत असेल तर त्याच्या हातात कितीही कसब असो, माझ्या कामाला तो उपयोगाचा नाही.

विजेच्या कामात ही चूक जिवावर बेतते

एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप वीज तोडणारा स्विच, वारंवार पडतोय म्हणून वायरमनला बोलावलं आणि त्याने बोर्ड उघडून सरळ मोठ्या क्षमतेचा एमसीबी बसवायला काढला, तर तिथेच थांबवा. एमसीबी भिंतीतल्या वायरच्या संरक्षणासाठी असतो. दिव्यांच्या सर्किटला साधारणपणे १.५ चौरस मिलिमीटरची वायर असते, नेहमीच्या प्लगला २.५ आणि गीझर किंवा एसीसारख्या जड उपकरणाला ४. बारीक वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी लावला तर तो पडायचा थांबतो खरा, पण आता भिंतीच्या आत वायर तापत राहते आणि तिला वाचवणारं कुणी नसतं. चांगला वायरमन आधी विचारतो की काय चालू केल्यावर पडतो. मग एकेक उपकरण काढून बघतो, सैल जोड शोधतो, जळका वास येतो का ते बघतो.

त्याच्या आणखी काही सवयी न्याहाळा. बोर्डला हात घालण्याआधी त्याने मेन बंद केला का? बंद केल्यावर टेस्टर लावून खात्री केली का? "मला सवय आहे, चालूमध्येच करतो" असं कौतुकाने सांगणारा माणूस तुमच्या घरातलं अर्थिंगही तितक्याच बेफिकिरीने जोडणार. काम झाल्यावर दिव्याचं बटण बंद करून होल्डरला टेस्टर लावायला त्यालाच सांगा. टेस्टर पेटला तर बहुतेक वेळा बटण फेजवर न देता न्यूट्रलवर दिलेलं असतं, म्हणजे दिवा विझलेला दिसतो पण होल्डरमध्ये वीज जिवंत असते. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, "सारखा पडतो" म्हणून कुणी बायपास करायला निघाला, तर त्याला दुसऱ्यांदा बोलावू नका. तो सारखा पडत असेल तर कुठेतरी करंट गळतोय, ती गळती शोधणं हेच त्याचं काम आहे.

वीज आणि गॅस या दोन कामांना परवानाधारक माणूसच लागतो. नळ, सुतारकाम, रंग यांत अनुभवावर विश्वास टाकता येतो, इथे नाही. परवाना मागितला म्हणून जो चिडतो त्याने स्वतःच उत्तर दिलेलं असतं.

आपणच आमंत्रण देतो त्या चुका

सगळा दोष कारागिराच्या माथी मारणं मला पटत नाही. आपण फोनवर पहिलाच प्रश्न विचारतो, "किती घ्याल?" न बघितलेल्या कामाचा दर सांगायला लावला की समोरचाही काहीतरी आकडा फेकतो, आणि मग काम त्या आकड्यात बसवायला माल हलका होतो. आधी घरी बोलवा, काम दाखवा, मग दर. जो न बघता छातीठोक आकडा देतो त्याच्यापासून लांब राहा.

दुसरी चूक म्हणजे "सगळं येतं त्यात" या वाक्यावर समाधान मानणं. कशात काय येतं? जुन्या टाइल्स काढणं येतं का, मलबा कोण उचलणार, प्लास्टर मोडलं तिथे रंग कोण देणार, माल कुठल्या कंपनीचा, तो कोण आणणार? साध्या वहीच्या पानावर लिहून दोघांनी सही केली तरी पुरे. भांडणं मोठ्या कामावरून कमी आणि मलब्याच्या गोण्यांवरून जास्त होतात. लिहायचं म्हटल्यावर "माझा शब्द आहे ना" म्हणून टाळणारा माणूस शब्दही पाळत नाही, असा माझा अनुभव.

पैशाचं तेच. मालापुरती उचल मागणं रास्त आहे, छोट्या कारागिराकडे भांडवल नसतं. पण अर्ध्याहून जास्त रक्कम आधी, तीही फक्त रोख आणि पावतीशिवाय, ही धोक्याची खूण आहे. टप्पे ठरवा: तोडफोड झाल्यावर इतके, पाइप टाकून तपासल्यावर इतके, आणि एक वाटा काम वापरून बघितल्यानंतर. हा शेवटचा वाटा माणूस परत येण्याइतका मोठा ठेवा. आणि टप्पा पूर्ण झाला की पैसे त्याच दिवशी द्या. आपण टाळाटाळ केली तर चांगले लोक आपल्या दारात पुन्हा येत नाहीत.

दारावर आपणहून आलेला, "शेजारी काम चालू आहे, तुमचीही गच्ची खराब दिसली, आज केलंत तर स्वस्तात करून देतो" असं सांगणारा असेल तर एकच करा. शेजारी जाऊन विचारा. बहुतेक वेळा तिथे त्याला कुणी ओळखत नसतं. दुरुस्तीत खरोखर आजच्या आज करण्यासारखं फार थोडं असतं: गॅसचा वास, ठिणग्या, फुटलेला पाइप, कोसळू पाहणारं छत. बाकी सगळ्यासाठी दुसरं मत घ्यायला दोन दिवस मिळतातच.

एक्स्ट्रा काम निघालं तर

भिंत फोडल्यावर आत गंजलेला पाइप किंवा कुजलेलं लाकूड निघू शकतं. ते आधी कुणालाच दिसत नाही, त्यामुळे वाढीव खर्च सांगितला म्हणजे माणूस लबाड, असं समजू नका. फरक सांगण्याच्या वेळेत असतो. प्रामाणिक माणूस काम थांबवतो, तुम्हाला बोलावून हात घालून दाखवतो आणि विचारतो. दुसरा सगळं बुजवून झाल्यावर हिशोबात एक ओळ वाढवतो. म्हणून आधीच सांगून ठेवा: न दाखवता केलेल्या एक्स्ट्राचे पैसे मिळणार नाहीत.

खांब किंवा बीम छिन्नीने फोडून त्यातून पाइप न्यायला निघाला तर मात्र चर्चाही करू नका, काम बंद करा. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय त्या काँक्रीटला हात लावायचा नाही.

भिंत बुजवायची घाई

घाई ही मला सगळ्यात मोठी खूण वाटते. सिमेंटच्या प्लास्टरवर निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. "मारा दोन दिवस, बास" म्हणणाऱ्याच्या प्लास्टरला पुढे केसासारख्या भेगा पडतात. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावण्याआधी ट्रॅप बंद करून निदान २४ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर, पलीकडच्या भिंतीवर नजर ठेवायची. भिंतीतली पाइपलाइन बुजवण्याआधी हातपंपाने दाब देऊन गेजचा काटा खाली येतो का ते बघायचं. या दोन चाचण्यांना जो "कशाला उगाच" म्हणतो, त्याला स्वतःच्या कामाची खात्री नाही. गरम पाण्याच्या लाइनला साधा पीव्हीसी पाइप वापरतोय का, तेही याच वेळी बघा. तिथे सीपीव्हीसी किंवा गरम पाण्यासाठीच बनवलेला दुसरा पाइप लागतो, आणि एकदा भिंत बुजली की कुणाला काही दिसत नाही.

टाइल्स सुकल्यावर नाण्याने किंवा किल्लीने प्रत्येक टाइलवर हलकेच टकटक करा. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. अशा टाइल्सवर खडूने फुली मारा आणि सांध्यांत ग्राउट भरण्याआधी बदलून घ्या.

भिंत उघडी असताना फोटो काढा, आणि फोटोत मोजपट्टी धरा: जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. आमच्या बाथरूमचे असे बारा फोटो मोबाइलमध्ये आहेत. गेल्या वर्षी आरसा लावायला माणूस आला तेव्हा ड्रिल टेकवण्याआधी त्याला ते दाखवले. त्याने भोक चार इंच डावीकडे घेतलं.