विदर्भातल्या काळ्या प्रकरणांवर संशोधन करताय? आधी त्या दिवशी सत्ता कुणाची होती ते पाहा

पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) निघाली, विषय द्यायची तारीख जवळ आली आणि डोक्यात गाविलगड, चिमूर, नाहीतर बाबूराव शेडमाके घोळतायत, अशा पोरापोरींचे फोन मला येतात. बहुतेक जण खेड्यातले. घरी कपाशी-सोयाबीन, आणि घरच्यांना पडलेला एकच प्रश्न : इतिहासात पीएच.डी. करून होते काय? मी अचलपूर तालुक्यातली. तासिका तत्त्वावर शिकवते, प्रबंध अजून जमा व्हायचाय. तेव्हा हे गडावर पोचलेल्या माणसाचं बोलणं समजू नका, मी अजून वाटेतच आहे.

खून, जोहार (किल्ला पडताना बायकांनी एकत्र मरण पत्करणं), फितुरी या विषयांना गिऱ्हाईक फार. मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला की अंगावर काटा येतो आणि वाटतं, आपण हाच विषय घेऊ. घ्या, पण काट्याच्या भरवशावर चार वर्षं निघत नाहीत. ती कागदांवर निघतात. आणि कागद कुठे आहेत, इथेच आपल्याकडची निम्मी पोरं अडकतात. मीही बरीच अडकले होते, म्हणून हा भाग लांबवते. कंटाळलात तरी वाचा.

आपला हिशेब साधा असतो. गाविलगड चिखलदऱ्याला, चिखलदरा अमरावती जिल्ह्यात, म्हणजे कागद नागपूरच्या अभिलेखागारात. पहाटेची एसटी पकडायची, मागणीची चिठ्ठी भरायची. शिपाई कापडात बांधलेला गठ्ठा आणून ठेवतो, आपण गाठ सोडतो, आणि आत दुष्काळी कामं, जंगलाचे हक्क, विहिरींचे अर्ज. गाविलगडचं नावही नाही. चूक कुणाचीच नसते, आपण दारच चुकीचं ठोठावलेलं असतं. शेतकऱ्याच्या घरच्यांना हे पटकन कळेल : गाव एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात गेलं तरी जुने फेरफार जुन्याच तहसिलीत पडून असतात. इतिहासातही घटनेची आजची जागा कामाची नाही. त्या दिवशी तिथे हुकूम कुणाचा चालत होता, त्याचं दफ्तर शोधायचं.

आता हेच गाविलगडला लावून पाहा. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी किल्ला घेतला. तेव्हा तो नागपूरकर भोसल्यांचा, किल्लेदार बेनीसिंग. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. पण गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडेच राहिले, ते गेले १८१७ च्या युद्धानंतर. १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिलं. कारभार इंग्रजांचा, पण हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत, म्हणजे निजामाच्या दरबारी बसणाऱ्या इंग्रज प्रतिनिधीमार्फत. मध्य प्रांताला वऱ्हाड जोडलं गेलं ते थेट १९०३ मध्ये. म्हणजे पन्नास वर्षं आपल्या अमरावती-अकोल्याचा वरिष्ठ हैदराबादेत बसत होता, नागपुरात नव्हे. ए. सी. लायलने १८७० मध्ये संपादित केलेलं वऱ्हाडचं गॅझेटिअर उघडा, मुखपृष्ठावरच ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ आहे. मी ते पुस्तक कितीदा हाताळलं असेल, पण मुखपृष्ठ वाचायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

नदीच्या अलीकडे-पलीकडे हिशेब बदलतो. इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) तुरुंगात फाशी दिली. यासाठी ‘मध्य प्रांत’ म्हणून शोधाल तर हात हलवत परताल, कारण मध्य प्रांत जन्माला आला १८६१ मध्ये. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यापासून तिथे नागपूरचा कमिशनर होता आणि त्याचा पत्रव्यवहार वर हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्याशी. ते कागद दिल्लीला, राष्ट्रीय अभिलेखागारात. सिरोंच्याकडची मंडळी तर आणखी वेगळ्या गोंधळात पडतात. गोदावरीकाठचा तो मुलूख १८६० च्या तहाने निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि अप्पर गोदावरी जिल्ह्यात गेला. तो आज ज्यात आहे तो गडचिरोली जिल्हा झाला १९८२ मध्ये. यवतमाळवाल्यांनो, १९०५ पर्यंत तुमच्या जिल्ह्याचं नाव वूण होतं. अचलपूर सूचीत एलिचपूर म्हणून येतं.

एक कागद घ्या आणि त्यावर उभ्या रकान्यात साल, शेजारी सत्ता, त्याच्या शेजारी दफ्तर लिहा. सिनॉप्सिसच्या आधी. त्यात मोकळी जागा राहिली तर विषय मंजूर झाला तरी तुमचं काम सुरू झालेलं नाही.

घाबरू नका, हे एका आठवड्यात बसतं. दिल्लीचे पुष्कळ कागद ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतात. मी गावातल्या टॉवरच्या जिवावर, रात्री अकरानंतर, तेच करते. हैदराबादला मात्र जावं लागतं. माझे बाबा म्हणाले, “एकटी कायले जातं वो इतक्या दूर, कागद काई इकडे येत नाई काय?” नाही येत. फारसी-उर्दू येत नसेल तर जाण्याआधी वाचून देणारा माणूस शोधून ठेवा, नाहीतर भाडं फुकट.

मोडी तर सक्तीचीच. मला ती शिकवली तहसिलीबाहेर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या दस्तलेखकाने. तो म्हणायचा, “अक्षर नोको पाहू बाई, आधी ओळ पाह्य.” मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातो. शब्दांत जागा सोडत नाही, त्यामुळे एक शब्द संपून दुसरा कुठे सुरू झाला तेच कळत नाही. महिनाभर डोकं दुखतं. मग एके दिवशी ‘राजश्री’ आपसूक वाचता येतं आणि आपण खुर्चीवरून उठून पाणी पिऊन येतो.

गाइडबद्दल माझं मत कुणाला आवडत नाही : गाइड मोठा नसला तरी चालेल, रिकामा असावा. समारंभांना हिंडणारा नामवंत गाइड तुमचं प्रकरण उघडणारसुद्धा नाही. आणि तयार प्रबंध बांधून देणारी जी टायपिंगची दुकानं आहेत, त्यांच्या पायरीवरही उभं राहू नका. तोंडी परीक्षेत एक प्रश्न पुरतो.

कागद सापडला म्हणजे खरं सापडलं असं नाही. नागपूरचे राजे परसोजी भोसले १ फेब्रुवारी १८१७ ला नागपुरात अंथरुणातच मेलेले आढळले. चुलतभाऊ आप्पासाहेब तेव्हा चांद्याकडे. कंपनीने त्यांनाच गादीवर मान्य केलं. २६-२७ नोव्हेंबरला कंपनीशी सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब हरले, आणि १८१८ मध्ये त्यांना पकडताना खुनाचा आरोप पुढे आला. रेसिडेंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच, जेन्किन्स. खून आप्पासाहेबांनी करवला नसेल असं मी म्हणत नाही, मला स्वतःला तो करवला असंच वाटतं. पण आरोपाची तारीख घटनेच्या तारखेशेजारी लिहिली की कागदाचा चेहरा बदलतो. १८०३ मध्ये किल्ला पडताना गाविलगडावर झालेल्या जोहाराचंही तेच. जिंकणाऱ्यांच्या वृत्तांतात तो अर्धवट राहिला, थोड्याच बायका गेल्या. गडावर फिरवणारा दर माणूस आकडा वाढवतो. आतल्या बाईचा शब्द दोन्हीकडे नाही, आणि तसं प्रबंधात सरळ लिहायचं, मधली जागा कल्पनेने भरायची नाही.

चिमूर घेणाऱ्यांशी मी थोडी कडकच बोलते. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी, चलेजाव चळवळीचे दिवस. गोळीबार झाला, जमावाच्या हातून उपविभागीय अधिकारी डुंगाजी आणि नायब तहसीलदार सोनवणे मारले गेले. त्याच दिवशी आष्टीतही पोलीस आणि गावकरी दोन्ही मेले. मग चिमुरात फौज आली आणि बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी झाल्या. सरकार चौकशी करेना, म्हणून गांधीजींचे अनुयायी प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. त्या बायकांच्या नातवंडांच्या दारात मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून उभं राहू नका. जबान्यांमधली नावं प्रबंधात छापू नका, मार्गदर्शक म्हणाला तरी नाही. आणि मेलेल्या अधिकाऱ्यांनाही घरदार होतं. त्यांच्या मृत्यूला एक ओळ देऊन पुढे गेलात तर परीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवेल.

सोंगणीच्या दिवसांत दफ्तरात जायचा बेत आखू नका, घरचे सोडत नाहीत आणि लक्षही लागत नाही. मी उन्हाळ्यात जाते. ओळखपत्राच्या झेरॉक्स आणि विद्यापीठाचं शिफारसपत्र सोबत ठेवा. पेन नाही, पेन्सिल न्या, आणि फोटो काढायची परवानगी पहिल्याच दिवशी लेखी मागा.