शेंडे खुडायच्या आधी

उद्या निपाणीला मामांच्या रानात तंबाखूचे शेंडे खुडणार. त्यानंतर झाडाच्या डोळ्यांतली संप्रेरकं (हार्मोन्स) कशी बदलतात ते मोजायला तुला नमुने घ्यायचेत. पहाटे बेळगावहून निघशील, म्हणून सगळी जुळवाजुळव आज रात्रीच कर.

आधी नमुन्यांच्या नळ्या. नावं पांढऱ्या खरबरीत पट्टीवर पेन्सिलीनं घाल. साध्या मार्करला मिथेनॉल लागलं की माझ्या झाल्या तशा अकरा नळ्या निनावी होतात. झाकणांना सुईनं भोकं पाड, नाहीतर आत अडकलेला द्रव नायट्रोजन फुगून नळी फुटते. नायट्रोजन जनावरांच्या दवाखान्यातून घे, कृत्रिम रेतनाच्या मात्रा ते त्यातच उणे 196 अंशांवर ठेवतात. अर्ज कन्नडमध्ये लागतो, दोन ओळी लिहून ठेवल्यात. कॅन उघड्या टेम्पोत ठेव. काचा बंद गाडीत माणूस गुदमरतो आणि त्याला कळतही नाही.

रानात खरी कसोटी. शेंडा गेला की वरून उतरणारं, डोळ्यांना दाबून ठेवणारं ऑक्सिन थांबतं, त्यांना फुटायला लावणारं सायटोकायनिन वाढतं, पानांच्या बेचक्यातले डोळे जागे होतात. मामा त्यांना फुटवे म्हणतात आणि वैतागतात. आपल्याला मोजायचंय ते हेच. पण तू डोळा कापतेस तीही जखमच, जखमेचं संप्रेरक, जॅस्मोनिक आम्ल, काही मिनिटांत चढतं. तेव्हा कापला की लगेच नायट्रोजनमध्ये बुडव. फोटोबिटो नंतर. नमुने खुडण्याआधी, सहा तासांनी, चोवीस तासांनी, आणि न खुडलेल्या झाडांचेही त्याच वेळांना. निदान पाच झाडं, प्रत्येकाची नळी निराळी. हातमोजे विसरू नको, ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून आत जातं.

परत आल्यावर नळ्या उणे 80 अंशांच्या फ्रीजरला. दळताना खलबत्ताही नायट्रोजननं गार करून घे, पूड वितळता कामा नये. 100 मिलिग्रॅम पुरे. गार 80 टक्के मिथेनॉल ओतताना त्याच क्षणी ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजनचं, म्हणून यंत्रात वेगळं ओळखू येणारं) ऑक्सिन मोजून घाल. पुढं गाळताना, वाळवताना झाडाचं ऑक्सिन जितकं हरवेल तितकंच हेही हरवतं, त्यावरून एलसी-एमएसचा (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा सुधारता येतो. उशिरा घातलंस तर आधीचं नुकसान कधीच कळणार नाही. सायटोकायनिनसाठी त्याचं वेगळं घालायचं. ऑक्सिन उजेडात नासतं, तेव्हा नळ्यांना फॉइल गुंडाळ. इथिलीन हेही संप्रेरकच, पण वायू आहे, त्याला बंद बाटली आणि दुसरं यंत्र लागतं. या खेपेला त्याच्या नादी लागू नको.

आणि मामांना आजच फोन कर, तू पोचेपर्यंत एकही शेंडा मोडायचा नाही म्हणून. ते सहालाच रानात असतात.