जिनिंगमध्ये तीन आयएसओ एकत्र केले, माझा अनुभव

आमची जिनिंग (कापसातून सरकी काढून रुई करायचा कारखाना) यवतमाळकडच्या खेड्यात, अन् आयएसओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, फायली तीन. क्वालिटीची ९००१, पर्यावरणाची १४००१, सेफ्टीची ४५००१, तिन्हीचे कन्सल्टंट वेगळे. कापसात खिळा निघाला का क्वालिटीवाला 'भेसळ' लिहे, तोच खिळा मशीनमधी ठिणगी पाडून रुई पेटवते म्हणून सेफ्टीवाला अलग लिहे, जळकी रुई कुठं टाकली ते तिसऱ्या वहीत. खिळा एकच न भाऊ!

मंग तिन्ही समोर मांडले. ह्या तिन्हींचा सांगाडा आयएसओनं सारखाच ठेवला आहे, १० कलमं, म्हणून ७.५ कागदपत्रं, ९.२ अंतर्गत ऑडिट, ९.३ मॅनेजमेंट रिव्ह्यू हे सरळ एकच करून टाकलं, काही त्रास नाही.

खरी डोकेदुखी ६.१, म्हणजे जोखीम ओळखायचं कलम. मालाची जोखीम, पर्यावरणाचे पैलू (कामाचा पर्यावरणाशी कुठं संबंध येते ते) अन् माणसाचा धोका एकाच मार्कात मोजायचं काही जण म्हणत होते, मले ते पटलं नाही. तक्ता एक केला, गाडी खाली करणं, जिनिंग, प्रेसिंग (रुईच्या गाठी दाबणं) अशा ओळी, रकाने तीन, मार्क अलग अलग.

५.४ मधी कामगारांना विचारा असं फक्त ४५००१ म्हणते, पण आम्ही तिन्हीसाठी विचारलं. कापूस निवडणाऱ्या बाया म्हणे, खिळे गाडीच्या फळ्यांतून पडतात! आता गेटवरच फळ्या पाहतो, लोहचुंबकही बसवलं.

फॅक्टरी ॲक्टचे रजिस्टर मात्र अलगच ठेवले होते, तो कायदा होता तवा (२०२५ मधी त्याच्या जागी नवा कोड आला) इन्स्पेक्टर आला का तेच मागे.