लोड वाढलाय खरा, पण कोण कशासाठी खोळंबलंय?

सिस्टीम अॅडमिनच्या पहिल्या नोकरीत शिकवल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या कमांडपैकी एक म्हणजे 'अपटाइम'. तिच्या शेवटी तीन आकडे येतात: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचा लोड अॅव्हरेज, म्हणजे सरासरी किती प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) कामात किंवा रांगेत होत्या. सोबत एक ठोकताळाही पढवतात, की लोड कोअरच्या (सीपीयूमधल्या स्वतंत्र प्रोसेसरच्या) संख्येपेक्षा वर गेला म्हणजे सीपीयू कमी पडतोय. लिनक्सवर हे अर्धंच खरं आहे.

लिनक्स या आकड्यात सीपीयूवर चालणाऱ्या आणि त्यासाठी ताटकळणाऱ्या प्रोसेस तर मोजतोच, पण 'डी' अवस्थेतल्याही मोजतो. या बहुतेक वेळा डिस्ककडून उत्तर यायची वाट बघत असतात आणि साध्या सिग्नलला दाद देत नाहीत. १९९३ सालच्या एका छोट्या पॅचने ही भर घातली. त्यामागची तक्रार रास्त होती: स्वॅपची (मेमरी अपुरी पडली की वापरायच्या जागेची) वेगवान डिस्क काढून संथ डिस्क लावली तर मशीन रखडतं आणि लोड मात्र उलटा कमी दिसतो, हे कसं?

नाइट शिफ्टला असताना असंच एक प्रकरण आलं. ८ कोअरचा सर्व्हर, लोड चाळिशीच्या पुढे, आणि कॉलवर जो तो 'कोअर वाढवा' म्हणत होता. चालू प्रोसेस दाखवणारं 'टॉप' उघडलं तर सीपीयू नव्वद टक्क्यांहून जास्त रिकामा. मग प्रोसेसची यादी देणाऱ्या 'पीएस'ला प्रोसेसची अवस्था आणि 'डब्ल्यूचॅन' (प्रोसेस कर्नलच्या कुठल्या फंक्शनमध्ये थांबलीय ते) हे दोन कॉलम मागितले. 'डी'ची रांगच लागली होती, आणि डब्ल्यूचॅनमधली कर्नल फंक्शनची नावं 'आरपीसी'ने सुरू होणारी, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला केलेल्या विनंतीची वाट बघणारी. एनएफएसचा, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पुरवणारा सर्व्हर उत्तर देत नव्हता. दर काही मिनिटांनी क्रॉन (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्रॅम) एक नवा बॅकअप जॉब सोडायचा, तो त्या सर्व्हरच्या आपल्याकडे जोडलेल्या फोल्डरवर, म्हणजे माउंटवर जाऊन अडकायचा आणि लोड एकाने वाढायचा. आमच्यातल्या एकाने डिस्कवर जागा किती ते बघायला 'डीएफ' कमांड मारली, तर तीही तिथेच अडकली. लोड आणखी एकाने वर!

म्हणून लोड वाढलेला दिसला की मी लगेच 'व्हीएमस्टॅट १' लावते, ती दर सेकंदाला मशीनच्या स्थितीची एक ओळ देते. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. 'आर' कॉलम (सीपीयूवर चालणाऱ्या किंवा त्यासाठी थांबलेल्या प्रोसेस) सतत कोअरपेक्षा मोठा असेल तर सीपीयूची खरी मारामारी आहे. 'बी' ('डी'सारख्या अडकलेल्या प्रोसेस) फुगला असेल तर डिस्क किंवा नेटवर्क स्टोरेज बघा. क्लाउडवर 'एसटी'कडेही लक्ष असू द्या: तुमच्या वाटचा वेळ होस्ट (ज्यावर तुमचं मशीन चालतं ते मूळ मशीन) दुसऱ्यांना देतोय का, ते तिथे कळतं. कंटेनरमध्ये (एका मशीनवरच्या अॅपच्या वेगळ्या कप्प्यात) बसून लोड बघत असाल तर तो सहसा अख्ख्या होस्टचा असतो, तुमच्या अॅपचा नाही.

आणखी एक. १ मिनिटाचा आकडा ही साधी सरासरी नव्हे, जुन्या नोंदींचं वजन त्यात हळूहळू उतरत जातं. रिकाम्या मशीनवर एकच प्रोसेस पूर्ण मिनिटभर सीपीयू खात राहिली तरी लोड १ नाही, सुमारे ०.६ दिसतो. करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

माझं मत विचाराल तर आता 'पीएसआय'वर (प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन, म्हणजे कामं किती वेळ खोळंबली याचा कर्नलने ठेवलेला हिशोब) भर द्या. डिसेंबर २०१८ मधल्या ४.२० कर्नलपासून ते आहे, काही डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर) बूटच्या वेळी चालू करावं लागतं. कर्नलची माहिती दाखवणाऱ्या '/proc' मधल्या 'प्रेशर' डिरेक्टरीत सीपीयू, मेमरी आणि आयओच्या (डिस्कवरच्या वाचन-लेखनाच्या) वेगवेगळ्या फाइल मिळतात. आयओच्या 'some' ओळीत 'avg10' समोर २० असेल, तर गेल्या १० सेकंदांतला सुमारे २० टक्के वेळ निदान एक तरी काम आयओपायी खोळंबलं होतं. हा आकडा कोअरच्या संख्येने भागत बसावा लागत नाही आणि दोष कुठल्या खात्यात आहे तेही सांगतो.

रात्री माणसाला उठवणारा अलर्ट मी लोडवर ठेवत नाही. तो रिस्पॉन्स टाइमवर असतो, पीएसआयचा ग्राफ त्याच्याच शेजारी. लोडचा ग्राफही असतो, सगळ्यात खाली.