अंदमानात बेटं फिरताना फोटोत या चुका टाळा

पुणेकराची संध्याकाळ साडेपाचला सुरू होते. आधी चहा, मग वेताळ टेकडी, मग सूर्यास्त. हीच सवय घेऊन अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर गेलात तर राधानगर किनाऱ्यावर पाऊल ठेवताना सूर्य बुडून गेलेला असतो. घड्याळात तिथेही भारतीय प्रमाणवेळच असते, पण पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) पुण्याच्या जवळजवळ १९ रेखांश पूर्वेला आहे. त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो सव्वा तास आधी. डिसेंबरात उजाडतं साडेपाचच्या सुमारास आणि सूर्यास्त पाच-सव्वापाचलाच उरकतो.

म्हणून फोटोतली पहिली चूक कॅमेरा हातात घेण्याच्या कितीतरी आधी, फेरीबोटीचं तिकीट काढताना होते. दुपारची बोट घेतली की जेट्टी, हॉटेल, सामान आणि मग राधानगरचे १२ किलोमीटर, यातच उजेड संपतो. बेट बदलायचं असेल त्या दिवशी सकाळची पहिली बोट घ्या. राधानगरचं तोंड पश्चिमेला आहे, काला पत्थरचं पूर्वेला. पहिल्यासाठी संध्याकाळ ठेवा, दुसऱ्यासाठी पहाट. तिकिटावर स्वराज द्वीप दिसलं तर ते हॅवलॉकच आणि शहीद द्वीप म्हणजे नील. ही नावं २०१८ पासूनची आहेत.

दुसरी चूक शहाण्यासुरत्या माणसांची. ‘फोटो काढावेत ते सकाळ-संध्याकाळच’ हा नियम माणसांच्या चेहऱ्यांसाठी ठीक आहे, पाण्याच्या रंगासाठी नाही. तो निळा-हिरवा रंग दिसतो उन्हाचे किरण उभे पडून तळाच्या पांढऱ्या वाळूपर्यंत पोचतात तेव्हा. म्हणजे अंदमानात साधारण साडेनऊ ते साडेबारा. सूर्य कलला की पाणी फक्त चकाकतं. नीलचा भरतपूर किनारा किंवा हॅवलॉकचा एलिफंट बीच या वेळेत बसवा. पोलरायझर (पाण्यावरची चकाकी कमी करणारा, लेन्सवर लावायचा फिल्टर) असेल तर तो नुसता लावून चालत नाही, बघत बघत फिरवावा लागतो. सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याकडे असताना त्याचा परिणाम सर्वात जास्त. सूर्य समोर किंवा पाठीमागे असेल तर जवळजवळ शून्य. तो दीड ते दोन स्टॉप उजेडही खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). खूप रुंद लेन्सवर आकाशाचा एकच पट्टा गडद दिसायला लागतो, तेव्हा काढून ठेवा.

नीलच्या नैसर्गिक पुलापाशी उजेडापेक्षा ओहोटी महत्त्वाची. भरतीत कमानीपर्यंत जाताच येत नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा कोणी मागच्या आठवड्यात सांगितलेली वेळ कामाची नाही.

वाळू फोटोत मळकी, करडी दिसते ही नेहमीची तक्रार. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोरचं सगळं मध्यम करडं वाटतं, म्हणून तो पांढऱ्या वाळूला मुद्दाम काळवंडवतो. एक्स्पोजर +०.७ ते +१ करा. मोबाइलवर वाळूवर बोट ठेवून सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. भर उन्हात माणसाचा फोटो काढायचा तर त्याची पाठ सूर्याकडे करा. खालची वाळूच त्याच्या चेहऱ्यावर उजेड टाकते.

आता धुकं. पुण्याच्या कोरड्या डिसेंबरात हा प्रकार घडत नाही, म्हणून तिथे गेल्यावर गोंधळ उडतो. रात्रभर एसीत २२ अंशांवर पडलेला कॅमेरा पहाटे दमट किनाऱ्यावर काढला की पहिल्या दहा फोटोंवर दुधाळ साय येते. ती समुद्रावर नसते, काचेवर असते. एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्याचं होतं तेच. रुमालाने पुसलं की काही सेकंदांत पुन्हा येते, कारण काच अजून थंडच असते. उपाय झोपण्यापूर्वीचा: कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून, हवा काढून, घट्ट बंद करा. निघण्याच्या अर्धा तास आधी पिशवी न उघडता बाल्कनीत ठेवा. दव पिशवीच्या बाहेरून साचेल, आत नाही. काच धुरकट असताना लेन्स मात्र बदलू नका. ओल सेन्सरपर्यंत जाते.

मीठ याहून खोडकर. डेकवर अर्धा तास उभं राहिलं की पुढच्या काचेवर बारीक ठिपके दिसतात. वाळल्यावर ते मिठाचे खडेच असतात. त्यावर टी-शर्टचं टोक फिरवणं म्हणजे काचेवर घासणी फिरवणं. आधी ब्लोअरने हवा मारा, तोंडाने फुंकू नका. मग मायक्रोफायबर कापडाच्या एका कोपऱ्यावर पिण्याच्या पाण्याचे दोन-तीन थेंब घेऊन नुसतं टेकवत मीठ विरघळवा आणि शेवटी कोरड्या कोपऱ्याने मधून बाहेर पुसा. झूम फिरवताना करकर ऐकू आली तर तिथेच थांबा. लेन्स खाली तोंड करून ब्लोअर मारा. जोर लावलात तर वाळूचा कण आणखी आत जाईल.

खाजगी बोटी बहुतेक चारी बाजूंनी बंदिस्त, एसी असतात आणि काचांवर वाळलेलं मीठ. लेन्स काचेला जवळ धरा, पण टेकवू नका; इंजिनाचा थरकाप फोटोत उतरतो. शटर १/१००० सेकंदावर ठेवा. मोकळं डेक हवं असेल तर सरकारी बोट बरी.

मोबाइलवर ‘आयपी६८’ (पाण्यात टिकण्याचं मानांकन) लिहिलंय म्हणून समुद्रात बुडवू नका. ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. मोबाइलसाठी वॉटरप्रूफ पाऊच घेतलात तर घरीच त्यात टिश्यू पेपर घालून बादलीत अर्धा तास दाबून ठेवा. कागद ओला निघाला तर पाऊच बाद. पाण्याखाली टचस्क्रीन चालत नाही, म्हणून आवाजाच्या बटनाने फोटो निघतो का तेही आधी बघा. काही मीटर खोलीवर लाल रंग हरवतो, त्यामुळे प्रवाळ निळसर येतं. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिथेच जुळवा, आणि त्या फोटोसाठी प्रवाळावर उभे राहू नका.

सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी पुणेकर चुकवत नाहीत. तिथे जागा अरुंद म्हणून सगळे मोबाइलची ०.५ची, खूप रुंद लेन्स लावतात आणि कडेला उभ्या असलेल्यांचे चेहरे ताणले जातात. माणसं मधोमध घ्या आणि झरोक्यापेक्षा भिंतीच्या उजेडावर एक्स्पोजर धरा.

काही फोटो काढायचेच नसतात. जारवा या आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जाणाऱ्या रस्त्यावर कॅमेरा बॅगेतच राहू द्या. जारवांचे फोटो काढणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नका. पोर्ट ब्लेअरचा विमानतळ नौदलाचा आणि आपला लोहगावचा हवाई दलाचा, तेव्हा विमानात चढता-उतरताना फोटोचा मोह नको.

बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत घ्या, चेक-इनच्या सामानात नाही. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ ला येते. फोटो रोज रात्री दुसऱ्या कार्डावर किंवा छोट्या एसएसडीवर उतरवा आणि ती प्रत कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका, दुसऱ्या माणसाच्या बॅगेत द्या.