डागांवर झाडपाल्याचा अर्क लावताय? मग असं करा

चिरलेलं सफरचंद तसंच ठेवलं की काळपट पडतं ना, त्वचेत रंग बनतो तोही साधारण त्याच तऱ्हेने, टायरोसिनेज नावाचं तांबं असलेलं एक एन्झाइम टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन, म्हणजे त्वचेचा रंग, बनवायला सुरुवात करतं. ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन, बेअरबेरी नावाच्या झुडपाच्या पानांतलं आर्ब्युटिन, तुतीचा अर्क, हे सगळे त्याच एन्झाइमच्या आड येतात. म्हणजे नवा रंग बनणं कमी होतं, आधीच बनलेला डाग पुसला जात नाही. आणि हे डागांपुरतंच हं, गोरं व्हायला नाही.

सफरचंदाला लिंबू चोळलं की ते काळं पडत नाही, म्हणून चेहऱ्यालाही लिंबू लावतात लोक. प्लीज नको! रसाचा पीएच 2 च्या आसपास, त्वचेचा साधारण 5 (आकडा जितका कमी तितकं जास्त आम्ल), त्यात लिंबातली काही द्रव्यं अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजते आणि आधीपेक्षा काळा डाग मागे राहतो.

आधी डाग कसला ते बघा. पिंपलचा, उन्हाचा, वांगाचा असेल तर ठीक, पण तिळासारखा असून आकार बदलत असेल तर आधी डॉक्टर, क्रीम नंतर.

मग एकच अर्क निवडा, चार एकदम लावले तर आग कशाने झाली ते कळणारच नाही. लेबलवर अर्काचं नाव पार शेवटी, सुगंधाच्याही खाली असेल तर तो बहुतेक नावापुरताच असतो. "लॅबमध्ये सिद्ध" वाचून भुलू नका, ती टेस्ट बऱ्याचदा मशरूममधल्या टायरोसिनेजवर केलेली असते आणि माणसाचं तसंच वागेल असं नाही. घरची पावडर? मी महिनाभर ज्येष्ठमधाची पावडर पाण्यात कालवून लावली, उशीचा अभ्रा पिवळा झाला, डाग जिथल्या तिथे, कारण ग्लॅब्रिडिन पाण्यात नीट विरघळतच नाही.

आता पॅच टेस्ट. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी रोज दोनदा, सात ते दहा दिवस लावा. खाज, लाली, पुरळ काही आलं की विषय संपला.

रात्री पातळ थर, सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ 30 तरी हवा. वांग असेल तर आयर्न ऑक्साइडवालं टिंटेड, म्हणजे त्वचेसारखी रंगछटा असलेलं सनस्क्रीन घ्या, नुसत्या उजेडानेही वांग गडद होतो. सनस्क्रीन टाळणार असाल तर अर्कावर पैसे घालवूच नका, इकडे अर्क रंग अडवणार आणि तिकडे ऊन तो पुन्हा बनवून घेणार.

पहिल्या दिवशी खिडकीपाशी फोटो काढा, मग दर 4 आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी. आरशावर विश्वास नको. 12 आठवड्यांत काहीच फरक नसेल तर सोडा.

आणि लावलेल्या जागी पांढरे ठिपके दिसले तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवा. झाडातलं म्हणजे निर्धोक असं नसतं, झाडांच्या सालीत सापडणारं रोडोडेनॉल घातलेली त्वचा उजळवणारी क्रीम्स जपानमध्ये 2013 साली बाजारातून परत घ्यावी लागली, हजारो जणांच्या त्वचेवर पांढरे चट्टे उठले होते.