खुंटी हे शेवटचं औषध: तंबोरा जुळवताना या चुका टाळा

जुलै महिना, सदाशिव पेठेतल्या वाड्याचा दुसरा मजला, बाहेर पावसाची झड. गाण्याच्या बाईंनी तंबोरा माझ्यापुढे ठेवला, ‘जुळव’ म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. चार तारांतली पहिली, पंचमाची, उतरलेली वाटली म्हणून मी खुंटी पिळली. स्वर हलेना. आणखी पिळली, तरी हलेना. तिसऱ्यांदा पिळली तेव्हा ‘टण्’ झालं आणि पोलादी तार मनगटावर फटकारा मारून गेली. छेडत होते पंचम आणि पिळत होते शेजारच्या जोडाची, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारांतल्या एकीची खुंटी! बाई हातात सांडशी घेऊनच बाहेर आल्या. रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, “खुंटी हे शेवटचं औषध गं. आधी दुखतंय कुठे ते बघावं.”

या चुकीला उपाय सोपा आहे. दोन खुंट्या समोर, दोन बाजूंना असतात. जी तार हलवायची ती बोटाने खालून वर चाचपत खुंटीपर्यंत जायचं आणि मगच पिळायचं. पंधरा वर्षं गाणारेही हे करताना मी पाहिलेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुखणं बऱ्याचदा कानात असतं. तार जोरात छेडली की पहिला क्षणभर स्वर किंचित चढा लागतो, मग खाली येऊन स्थिरावतो. नवशिका तो पहिला क्षण ऐकतो आणि तार उतरवतो. गाताना मात्र आपण हलक्या हाताने छेडतो, त्यामुळे तंबोरा उतरलेलाच राहतो. ज्या जोराने गाताना छेडणार त्याच जोराने जुळवताना छेडा आणि स्वर बसू द्या.

जोडाच्या दोन तारा एकत्र छेडल्यावर ‘वाँव-वाँव’ अशी लाट ऐकू येते का पाहा. काळी एकच्या (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून लावलेल्या) मर्दानी तंबोऱ्यात एक तार सेकंदाला १३८ वेळा आणि दुसरी १३९ वेळा कंपत असेल, तर दर सेकंदाला अशी एक लाट येते. तारा जवळ येतात तशी लाट लांबत जाते आणि शेवटी विरते. मोबाइलवरच्या ट्यूनरची यासाठी गरज नाही. उलट जवारीमुळे (तार घोडीवर घासून येणाऱ्या झणकारामुळे) तारेतून इतके उपस्वर उसळतात की ट्यूनरचा काटा कधी सा दाखवतो, कधी पंचम, तर कधी भलतंच काही.

पेटीवरून जुळवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पेटीवरून फक्त षड्ज घ्या. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर धरतात; सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप. त्या हिशेबात सापासून पेटीचा पंचम ७०० वर आणि नैसर्गिक पंचम ७०२ वर, म्हणजे फरक नगण्य. पण मारवा किंवा पूरिया या रागांसाठी पहिली तार निषादावर लावायची असेल तर गोची होते. पेटीचा शुद्ध निषाद ११०० वर बोलतो, तंबोऱ्याला हवा असतो सुमारे १०८८ वर. बारा सेंट चढा निषाद खर्जाशी, म्हणजे शेवटच्या खालच्या षड्जाच्या तारेशी, भांडत राहतो आणि आपण बिचाऱ्या खर्जाला दोष देतो. खर्ज नीट लागला की त्यातून गंधार आपोआप बोलतो, तोच स्वयंभू गंधार. तो ऐकू येत असेल तर खर्जाला हात लावू नका.

आता सूत, म्हणजे तारेखालचा दोरा. माझ्या मते तंबोऱ्याच्या निम्म्या तक्रारी इथे असतात आणि तिथे कुणी बघत नाही. घोडीचा, म्हणजे तारा ज्या पाटलीवरून जातात तिचा, माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी मंद उतार असतो. तार त्या उतारावर घासत कंपते, त्यालाच आपण जवारी म्हणतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून जवारी कुठे उघडते ते शोधायचं असतं. दोरा केसभर पुढे-मागे झाला की तार ‘ठप्प’ बोलते. मग खर्ज बेसूर वाटतो आणि हात खुंटीकडे जातो. तार सुरात असते, ती फक्त बंद झालेली असते. दोन्ही टोकं धरून दोरा हळूच घोडीवर पुढे-मागे फिरवा. एका जागी आवाज एकदम फुलतो, लांबतो, त्याला चकाकी येते. तिथेच थांबा. प्रत्येक तारेची जागा वेगळी, आणि पट्टी बदलली तर तीही बदलते. म्हणूनच बायकी तंबोरा काळी पाचवरून ओढून मर्दानी काळी एकवर उतरवू नये. तारा सैल पडतात, दोरा कुठेही ठेवला तरी जवारी लागत नाही.

दोरा फिरवूनही आवाज उघडत नसेल तर घोडीवर तारांनी चर पाडलेत का ते तिरप्या उजेडात बघा. पडले असतील तर जवारी काढून, म्हणजे घोडीचा माथा पुन्हा घासून घ्यावा लागेल. हे काम घरी कानस घेऊन करू नका. त्यासाठी मिरजेचा कारागीर गाठा. सतार आणि तंबोऱ्यासाठी मिरजेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पण पुण्यातले गाणारे त्याच्या कितीतरी आधीपासून घोडी पिशवीत घालून मिरजेची गाडी पकडत आलेत.

पुण्याच्या हवेचंही बघायला हवं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात. कुणीतरी पकड आणतो आणि खुंटीची मान मोडतो. पकड नको. खुंटी आत दाबत, थोडी मागे-पुढे करत फिरवा. एप्रिलमध्ये नेमकं उलटं होतं: लाकूड आकसतं आणि खुंटी घसरते. खुंटी काढून तिला साधा खडू चोळा. तेल कधीही नाही. एकदा तेल मुरलं की ती खुंटी जन्मभर घसरते.

रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने तार प्रसरण पावते आणि उतरते, गारठ्यात चढते. १९५३ साली सुरू झालेला पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव आता सहसा डिसेंबरच्या थंडीत होतो. आत जुळवून आणलेला तंबोरा मंचावर पुन्हा जुळवताना दिसला की शेजारचे काका हमखास पुटपुटतात, “अजून जुळवतायत!” काकांना दिव्यांचं सांगून उपयोग नसतो.

मण्यांबद्दल थोडक्यात. घोडीखाली तारेत ओवलेला मणी लंगोटाकडे (तारा खाली जिथे अडकवतात तिकडे) सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. मणी आधीच लंगोटाला टेकला असेल तर पुढे जागाच उरत नाही. त्यामुळे खुंटीने जुळवताना मणी मधोमध ठेवा. मणी हलवल्यावर ताण घोडीपलीकडे लगेच पोचत नाही, तार अडकून राहते आणि दहा मिनिटांनी अचानक सुटते. म्हणून तार बोटाने जरा उचलून सोडा, मग ऐका. वरच्या तारदानात (खुंट्यांजवळ तारा ज्यातून जातात त्या पट्टीत) अडकत असेल तर तिथे पेन्सिलीचं शिसं घासा.

आणि एकाच फेरीत जुळवून मोकळं होऊ नका. एक तार चढवली की तबलीवरचा (भोपळ्यावरच्या लाकडी पाटीवरचा) ताण वाढतो, ती किंचित दबते आणि बाकीच्या तारा थोड्या उतरतात. आधी जोड, मग खर्ज, मग पंचम, आणि पुन्हा जोड. नवी तार तर दोन-तीन दिवस ताणतच राहते, ती कार्यक्रमाच्या सकाळी बदलू नये.

जुनी पितळी तार काळवंडली असेल, तिला बाक आला असेल, तर ती एकाच स्वरावर टिकत नाही. तिच्याशी झगडू नका, बदला. माझ्या गवसणीच्या खिशात आता प्रत्येक तारेची एकेक सुटी गुंडाळी असते, आणि खडूचा एक तुकडा. मनगटावरचा व्रण मात्र अजून दिसतो.